महाराष्ट्रातील शालेय गणवेश

शालेय गणवेश म्हणजे शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांनी घालावयाचा, रंग, कापड आणि शिलाईची पद्धत ठरवून दिलेला पोशाख होय. महाराष्ट्रात जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिकांच्या शाळा, अनुदानित व विनाअनुदानित खासगी शाळा, तसेच आश्रमशाळा अशा बहुतेक सर्व शाळांमध्ये गणवेश घातला जातो. गणवेश कोणता असावा, त्याचा खर्च कोणी करावा आणि तो न घालणाऱ्या विद्यार्थ्याशी शाळेने कसे वागावे, या तीन प्रश्नांवर राज्यात वेळोवेळी शासन निर्णय निघाले आहेत, काही प्रकरणे न्यायालयांतही गेली आहेत. २०२३ ते २०२४ या काळात राबवलेली 'एक राज्य एक गणवेश' योजना आणि ती मागे घेण्याचा निर्णय हा या विषयातील अलीकडचा सर्वाधिक चर्चिला गेलेला टप्पा आहे.

इतिहास

ठरावीक शालेय पोशाखाची प्रथा इंग्लंडमधील धर्मादाय शाळांपासून सुरू झाली असे मानले जाते. लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतील मुलांचा लांब निळा अंगरखा हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. गरीब मुलांना शाळेने दिलेले कपडे अशीच तेव्हा त्याची ओळख होती. प्रतिष्ठेची खूण म्हणून गणवेशाकडे पाहण्याची दृष्टी एकोणिसाव्या शतकात, श्रीमंतांच्या निवासी शाळांमधून आली. भारतात ही प्रथा मुख्यतः मिशनरी व इंग्रजी शाळांमार्फत पोहोचली. उन्हाळ्यात घामाघूम करणारा टाय आणि जाड कापडाचा ब्लेझर आजही काही शाळांत दिसतो, तो याच वारशाचा भाग आहे.

मुंबई इलाख्यातील मराठी शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकात मुले घरच्याच पोशाखात येत. धोतर, सदरा, डोक्यावर टोपी, पगडी किंवा रुमाल असे या पोशाखाचे स्वरूप जात, ऐपत आणि गाव यांनुसार बदलत असे. वर्गात कोण कोणत्या घरातला आहे हे कपड्यांवरून सहज कळत असे. पुढे गणवेशाच्या बाजूने जो समतेचा युक्तिवाद केला गेला, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत पांढरा सदरा व खाकी अर्धी विजार हा मुलांचा, तर पांढरे पोलके किंवा ब्लाउज व निळा स्कर्ट अथवा परकर हा मुलींचा वेश राज्याच्या बऱ्याच भागांत रूढ झाला. अनेक शाळांत मुलांना पांढरी गांधी टोपीही सक्तीची असे. मुलींच्या दोन वेण्या आणि त्यांना बांधलेल्या लाल किंवा पांढऱ्या रिबिनी हा गणवेशाचाच भाग समजला जाई. जिल्हा परिषदा १९६२ साली अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तेथे गणवेश नावापुरता ठरलेला असला, तरी तो शिवून घेणे पालकांच्या ऐपतीवर अवलंबून होते. थोरल्या भावंडाचा गणवेश धाकट्याने वापरणे ही सर्वसाधारण गोष्ट होती आणि पायांत चप्पल नसणे हा शिस्तभंग मानला जात नसे.

टेरिकॉट कापड स्वस्त झाल्यावर, विशेषतः १९८० नंतर, सुती खाकीची जागा निळ्या, करड्या व तपकिरी रंगांनी आणि चौकडीच्या कापडाने घेतली. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा वाढल्या तसे टाय, पट्टा, बिल्ला, मोजे आणि बूट हे घटक मराठी शाळांतही उतरले. शनिवारी शारीरिक शिक्षणासाठी पांढरा गणवेश व पांढरे कॅनव्हासचे बूट ही पद्धतही बऱ्याच शाळांनी स्वीकारली. अर्ध्या विजारीतून पूर्ण विजारीत जाणे, साधारणतः आठवीत, हा मुलांच्या शालेय आयुष्यातील एक टप्पा ठरला.

मोफत गणवेशाचा हक्क

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यास अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क वा खर्च बालकावर लादता येणार नाही, असे त्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार शासकीय व स्थानिक प्राधिकरणांच्या शाळांतील बालकांना पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळणे अपेक्षित आहे. म्हणजे गणवेश ही शाळेने घातलेली अट न राहता शासनाने पुरवायची वस्तू झाली. व्यवहारात मात्र हा बदल टप्प्याटप्प्याने आणि अपुरा झाला.

सर्व शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला दोन गणवेशांसाठी ४०० रुपये मिळत. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली आणि ही रक्कम ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशाला ३०० रुपये, झाली. पात्रतेत सर्व मुली, अनुसूचित जाती व जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले होती. दारिद्र्यरेषेच्या यादीत नसलेली इतर प्रवर्गांतील मुले त्यातून वगळली गेली. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला नवा गणवेश मिळे आणि दुसऱ्याला मिळत नसे. ही तफावत भरून काढण्यासाठी मुख्याध्यापक गावातून वर्गणी काढत, तर काही स्थानिक संस्था स्वनिधीतून तरतूद करीत. वगळलेल्या मुलांसाठी राज्याच्या तिजोरीतून सर्वत्र तरतूद करण्याचा निर्णय २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून अमलात आला.

पैसे कोणाच्या हाती द्यावेत, याबाबतही धोरण बदलत राहिले. सुरुवातीस ही रक्कम शाळा व्यवस्थापन समितीकडे जात असे. अधिनियमाच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. २०१७-१८ च्या सुमारास रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा करण्याचे धोरण आले आणि त्यासाठी विद्यार्थी व आई यांचे संयुक्त बँक खाते आवश्यक ठरले. ४०० रुपयांच्या लाभासाठी खाते उघडायला मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जायचे, शिवाय खात्यात किमान शिल्लक ठेवायची, अशी पालकांची अडचण झाली. आधी गणवेश स्वखर्चाने घ्या व पावती दाखवा, या अटीमुळे ज्यांच्याकडे पैसेच नव्हते त्यांना लाभ घेता येईना. पुढे रक्कम पुन्हा समित्यांकडे देण्यात येऊ लागली.

काही महानगरपालिका स्वतंत्र योजना राबवतात. बृहन्मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांना गणवेश, बूट, दप्तर, छत्री किंवा रेनकोट यांसह २७ शालेय वस्तू मोफत देते. या वस्तू जूनमध्ये न मिळता पाऊस ओसरल्यावर मिळाल्याची टीका जवळजवळ दरवर्षी होते.

एक राज्य एक गणवेश

मे २०२३ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी राज्यातील शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी एकच गणवेश असेल असे जाहीर केले. घोषणा झाली तेव्हा अनेक शाळा व्यवस्थापन समित्यांनी नव्या वर्षासाठी कापडाची मागणी नोंदवलेली होती. म्हणून आठवड्यातील तीन दिवस शाळेने ठरवलेला आणि तीन दिवस शासनाचा गणवेश, अशी तडजोड सुचवण्यात आली. योजनेची केंद्रीभूत अंमलबजावणी प्रत्यक्षात २०२४-२५ मध्ये झाली.

या पद्धतीत कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली. दोनपैकी एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटांनी शिवायचा आणि दुसऱ्या, स्काउट-गाइड धर्तीच्या गणवेशाचे कापड शाळांना देऊन शिलाई स्थानिक पातळीवर करून घ्यायची, अशी विभागणी होती. लहान वर्गांतील मुलींसाठी पिनो फ्रॉक, मोठ्या वर्गांतील मुलींसाठी सलवार-कमीज व ओढणी, आणि मुलांसाठी वर्गानुसार अर्धी किंवा पूर्ण विजार असे नमुने ठरले. घाऊक खरेदीमुळे कापडाचा दर्जा एकसारखा राहील, खर्च कमी होईल आणि ग्रामीण स्त्रियांना काम मिळेल, असे या योजनेच्या समर्थनार्थ सांगण्यात आले.

प्रत्यक्षात चाळीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गणवेश शिवण्याइतकी यंत्रे व मनुष्यबळ बचत गटांकडे वेळेत उभे राहिले नाही. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या. स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनालाही असंख्य मुले जुन्या किंवा घरच्या कपड्यांत होती आणि काही जिल्ह्यांत वाटप दिवाळीनंतरही चालू राहिले. मापे प्रत्येक मुलाची न घेता वर्गाच्या सरासरीवरून ठरवल्याने काहींना सदरा गुडघ्यापर्यंत येत होता, तर काहींच्या विजारी चढतच नव्हत्या. शाळेच्या दारातील शिंप्याकडे जाऊन बाही आखूड करून घेता येते. जिल्ह्याबाहेरून गठ्ठ्याने आलेल्या कपड्याबाबत तक्रार कोणाकडे करायची हेच स्पष्ट नव्हते. दुसऱ्या गणवेशाच्या शिलाईसाठी मिळणारी रक्कम बाजारातील दरापेक्षा बरीच कमी असल्याने ते काम घ्यायला शिंपी तयार होत नाहीत, अशी तक्रार शिक्षक संघटनांनी केली.

२० डिसेंबर २०२४ रोजी शासनाने केंद्रीभूत पद्धत रद्द करून २०२५-२६ पासून गणवेशाचा रंग, खरेदी व शिलाई यांचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. योजनेचा मूळ हेतू समतेचा होता, असे तिचे समर्थक म्हणत राहिले. परंतु एकसारखेपणा फक्त शासकीय शाळांपुरता होता, खासगी शाळांना तो लागू नव्हता. त्यामुळे रस्त्याने चालणारे मूल सरकारी शाळेतले आहे हे पूर्वीपेक्षा अधिक सहज ओळखू येऊ लागले, हा आक्षेप दुर्लक्षिता येण्याजोगा नाही.

शाळांतील अंमलबजावणी

गणवेशाची तपासणी बहुधा सकाळच्या परिपाठाच्या वेळी होते. वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक किंवा वर्गप्रतिनिधी रांगेतून फिरून गणवेश, नखे, केस, बूट आणि ओळखपत्र पाहतात. त्रुटी आढळल्यास प्रथम तोंडी समज दिली जाते, मग विद्यार्थ्याच्या डायरीत शेरा लिहून पालकाची सही मागवली जाते आणि त्यानंतर पालकांना बोलावले जाते. लेखी नियम असे क्रमवार असले, तरी रांगेतून बाहेर काढून सर्वांसमोर उभे करणे, वर्गाबाहेर ठेवणे, घरी परत पाठवणे, दंड घेणे किंवा मुलांचे केस शाळेतच कापणे असे प्रकारही घडतात.

यांपैकी बरेच प्रकार कायद्यात बसत नाहीत. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. तिचे उल्लंघन करणारी व्यक्ती सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरते. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्यामुळे आठवीपर्यंत गणवेशाच्या कारणावरून नाव कमी करणे बेकायदेशीर आहे. दुर्बल घटकांतील बालकांशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारीही शासनावर आहे. थोडक्यात, शाळा गणवेश ठरवू शकते व त्याचा आग्रह धरू शकते, पण तो नसल्याची किंमत मुलाने वर्गातील जागा गमावून देऊ नये, अशी या कायद्याची चौकट आहे.

गणवेश नसण्याचे कारण बहुधा बेफिकिरी नसते. एकच गणवेश असलेले मूल पावसाळ्यात तो वाळला नाही म्हणून साध्या कपड्यांत येते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले वर्षाच्या मध्येच शाळा बदलतात, आणि त्यांच्याकडे आधीच्या शाळेचा गणवेश असतो. पटसंख्येचा हिशेब मागील वर्षाच्या नोंदींवरून झाला की नव्याने दाखल झालेल्या पहिलीच्या मुलांना गणवेश कमी पडतात. अशी मुले शेरा टाळण्यासाठी त्या दिवशी शाळेतच येत नाहीत, हा अनुभव अनेक शिक्षक सांगतात. हजेरीपटावर मात्र कारणाविना अनुपस्थिती एवढीच नोंद राहते.

सणांच्या काळातील मेंदी, राखी, टिळा, बांगड्या यांवरूनही वाद होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र पाठवून, रक्षाबंधनासारख्या सणांत राखी, टिळा वा मेंदी लावल्याबद्दल विद्यार्थ्यांना शिक्षा होऊ नये, असे कळवले.

खासगी शाळा आणि सक्तीची खरेदी

खासगी शाळांत वाद मुख्यतः खर्चाचा असतो. गणवेश शाळेतून अथवा शाळेने नेमलेल्या एकाच दुकानातून घ्यावा लागणे, कापडावर शाळेचे चिन्ह विणलेले असल्याने तो इतरत्र न मिळणे, दर दोन-तीन वर्षांनी रंग किंवा नमुना बदलणे, नेहमीच्या गणवेशाखेरीज क्रीडा गणवेश, हाउसचा टी-शर्ट व हिवाळी पोशाख घ्यायला लावणे, या पालकांच्या कायमच्या तक्रारी आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) एप्रिल २०१७ मध्ये संलग्न शाळांना आवारात गणवेश व पुस्तकांची विक्री करू नये, तसेच ठरावीक विक्रेत्याची सक्ती करू नये, अशी सूचना दिली. राज्याच्या शिक्षण विभागाकडूनही अशा सूचना निघतात. पालक मात्र पाल्याला त्रास होईल या भीतीने लेखी तक्रार टाळतात.

अधिनियमाच्या कलम १२ नुसार २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र होतो. शासन शाळेला शुल्काची प्रतिपूर्ती करते, पण महागडा गणवेश, बूट व इतर साहित्य यांचा भार कोणी उचलायचा यावरून शाळा व पालक यांच्यात खटके उडतात. प्रवेश मोफत मिळूनही या खर्चापायी जागा सोडावी लागते, असे या कुटुंबांचे म्हणणे असते.

धार्मिक पोशाख व न्यायालयीन निर्णय

शीख विद्यार्थ्यांनी गणवेशाच्या रंगाशी जुळणारा पटका बांधणे महाराष्ट्रातील शाळांत सहसा मान्य असते. मुस्लिम विद्यार्थिनींच्या हिजाबाबाबत मात्र एकसारखी पद्धत नाही. उर्दू माध्यमाच्या अनेक शाळांत पांढरा किंवा गणवेशाच्या रंगाचा रुमाल हा गणवेशातच धरलेला असतो, इतर काही शाळांत त्याला हरकत घेतली जात नाही आणि काहींत मनाई असते.

मुंबई उच्च न्यायालयापुढेही हा प्रश्न आला. कुर्ल्यातील एका शाळेने डोक्यावर रुमाल बांधण्यास केलेल्या मनाईविरुद्ध एका विद्यार्थिनीने दाद मागितली होती. शाळा केवळ मुलींची असल्याने तेथे रुमाल न बांधण्याने धर्मपालनाचा भंग होत नाही, असे सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली.

कर्नाटक शासनाच्या ५ फेब्रुवारी २०२२ च्या आदेशाने शाळा व पदवीपूर्व महाविद्यालयांत ठरलेला गणवेशच घालणे बंधनकारक झाले. बेळगावसह सीमाभागातील मराठी माध्यमाच्या शाळाही त्याच राज्याच्या नियमांखाली येतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी तो आदेश वैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. हेमंत गुप्ता व न्या. सुधांशू धुलिया यांनी परस्परविरोधी निकाल दिले. गणवेश ही वाजवी मर्यादा आहे, असे पहिल्यांचे मत होते. मुलीचे शिक्षण अधिक महत्त्वाचे असून पोशाख ही तिच्या निवडीची बाब आहे, असे दुसऱ्यांचे. त्यामुळे प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस झाली.

मुंबईतील चेंबूर येथील एका महाविद्यालयाने आवारात हिजाब, नकाब, बुरखा, टोपी व बिल्ले यांवर बंदी घालणारी पोशाख संहिता केली, तेव्हा नऊ विद्यार्थिनींनी तिला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी व बिल्ल्यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. टिळा किंवा टिकली लावणाऱ्यांना बंदी घालणार का, असा प्रश्न सुनावणीत विचारण्यात आला. वर्गात चेहरा झाकण्यास मात्र परवानगी देण्यात आली नाही. हे प्रकरण महाविद्यालयाचे आहे; शालेय गणवेशाला ते जसेच्या तसे लागू होत नाही.

मुलींचा गणवेश

स्कर्ट, फ्रॉक, सलवार-कमीज हे मुलींच्या गणवेशाचे प्रकार मैदानी खेळ, सायकल आणि एसटीतील प्रवास यांना कितपत सोयीचे आहेत, हा प्रश्न अलीकडे अधिक विचारला जातो. ओढणीची सक्ती, तसेच पाळीच्या दिवसांत पांढऱ्या सलवारीमुळे होणारी कुचंबणा याही तक्रारी आहेत. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील शासकीय प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुला-मुलींसाठी सारखीच गुडघ्याखालपर्यंतची विजार व सदरा स्वीकारला. महाराष्ट्रात मुलींसाठी सदरा व विजार देणाऱ्या खासगी शाळा आहेत, परंतु २०२४ च्या शासकीय नमुन्यांनी मुले व मुली यांचे पोशाख वेगळेच ठेवले.

शिक्षकांचा पोशाख

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व माध्यमांच्या व व्यवस्थापनांच्या शाळांतील शिक्षकांसाठीही पोशाखाच्या सूचना आल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा, तर शिक्षकांनी सदरा व विजार, सदरा आत खोचून, घालावी; जीन्स, टी-शर्ट आणि गडद किंवा चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, असे त्यात म्हटले होते. शिक्षकांनी नावाआधी 'टि' हे संबोधन लावण्याची सूचनाही त्यातच होती. संघटनांनी या निर्णयाला विरोध केला. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा भार हलका करण्याऐवजी शासन कपड्यांकडे पाहते, असा त्यांचा सूर होता.

उत्पादन

सोलापूर हे गणवेशनिर्मितीचे राज्यातील प्रमुख केंद्र आहे. चादरी व टॉवेल यांबरोबर तयार कपड्यांचा व्यवसाय तेथे वाढला आणि २०१७ पासून गणवेश उत्पादकांची प्रदर्शने भरू लागली. कापडाचा मोठा भाग राजस्थानातील भिलवाडा येथून येतो. मागणी एप्रिल ते जून या काळात एकवटलेली असल्याने कारखान्यांना आधीचे कित्येक महिने माल शिवून साठवावा लागतो. कोविड-१९ च्या साथीत शाळा बंद राहिल्या तेव्हा हा साठा पडून राहिला. लहान गावांत आजही हे काम स्थानिक शिंप्यांकडे असते. २०२४-२५ मध्ये शिलाईचे काम बचत गटांकडे गेल्याने त्यांचा जूनमधील हंगाम हुकला होता.